पिशवी उघडणारा हात : घरातला कचरा वेगळा करण्याची आणि जिरवण्याची रीत

पुण्यात आपण सकाळी दारात ठेवलेली कचऱ्याची पिशवी पुढच्या तासाभरात कोणीतरी हाताने उघडते. सोसायटीच्या मागच्या कोपऱ्यात किंवा रस्त्याकडेला लावलेल्या ढकलगाडीजवळ बसून एक बाई त्यातला कागद, प्लॅस्टिक, पत्रा आणि काच निवडून काढते, आणि उरलेला कचरा मग गाडीत जातो. म्हणून एखादी वस्तू कोणत्या डब्यात टाकायची असा प्रश्न पडला की स्वतःला एवढेच विचारावे : या पिशवीत हात घालणाऱ्या माणसाला यातले काय टोचेल, काय चिकटेल आणि यातले काय विकता येईल? सोसायटीच्या कचरा समितीचे काम करताना मी जिन्याजवळ रंगीत तक्ते लावले, दारोदार पत्रके वाटली. लोकांच्या लक्षात राहिला तो हा प्रश्न.

या कामामागे पुण्यात मोठा इतिहास आहे. १९९३ मध्ये येथे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांच्या स्वतःच्या मालकीची सहकारी संस्था निघाली आणि २००८ मध्ये महापालिकेशी करार करून तिने दारोदार कचरा गोळा करण्याचे काम हाती घेतले. या सभासदांची कमाई दोन वाटांनी येते, एक म्हणजे घरटी मिळणारे मासिक शुल्क आणि दुसरी म्हणजे निवडलेल्या भंगाराची विक्री. रात्रीची उरलेली आमटी आपण रद्दीच्याच पिशवीत ओततो तेव्हा दुसऱ्या दिवशी भिजलेल्या रद्दीचा भाव पडतो, आणि तो भुर्दंड आपल्या ओळखीच्याच बाईला बसतो.

जे निवडले जात नाही ते शहराबाहेर जाते. एके काळी कोथरूडला कचरा डेपो होता. त्या जागेवर आता मेट्रोचा डेपो आहे. नंतर शहराचा कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या शिवारात जाऊ लागला, आणि पाणी नासल्याच्या, दुर्गंधीच्या तक्रारी करत, गाड्या अडवत तेथील ग्रामस्थांनी वर्षानुवर्षे आंदोलने केली. ओला आणि सुका कचरा एकत्र बांधलेली प्रत्येक पिशवी अशाच कोणाच्या तरी शिवाराची वाट धरते.

घरात किती डबे ठेवावेत

घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ यांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन प्रकार घरातच वेगळे करणे नागरिकांवर बंधनकारक केले होते; १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या नियमांत सॅनिटरी कचरा हा चौथा प्रकारही वेगळा धरला आहे. घरातही चार जागा लागतात, कारण सॅनिटरी पॅड आणि डायपर यांची सोय सुक्या कचऱ्यातही नीट लागत नाही आणि घातक कचऱ्यातही नाही. ओट्याखाली ओल्या कचऱ्यासाठी झाकणाचा एक डबा ठेवावा. बाल्कनीत किंवा दाराआड सुक्या कचऱ्यासाठी एक गोणी असावी. न्हाणीघरात छोटा डबा आणि त्याच्याशेजारी जुन्या वर्तमानपत्रांची चळत असावी. घातक वस्तूंसाठी मुलांचा हात पोहोचणार नाही अशा उंच फळीवर झाकणाचे एक खोके पुरते, आणि ते दोन-तीन महिन्यांतून एकदाच रिकामे करावे लागते.

ओल्या कचऱ्याच्या डब्यात प्लॅस्टिकची पिशवी घालू नये. तळाला वर्तमानपत्राची घडी घालावी आणि डबा रोज विसळावा. काळ्या पिशवीची गाठ मारून ओला कचरा देण्याची सवय सोडवणे हे आमच्या समितीचे सर्वांत चिवट काम ठरले. गाठ मारलेली पिशवी सोडत बसायला वेळ नसतो, त्यामुळे ती फाडली जाते, तिच्या चिंध्या खतात मिसळतात आणि चाळणीतूनही सुटत नाहीत. डबा थेट मोठ्या बादलीत उपडा करता आला पाहिजे. यासाठी बाजारातले रंगीबेरंगी डब्यांचे संच आणण्याचीही गरज नाही. आमच्याकडे अनेक घरांत रंगाची रिकामी बादली आणि तांदळाची गोणी यांवर वर्षानुवर्षे उत्तम काम चालले आहे.

ओला कचरा घरातच जिरवणे

घरच्या कचऱ्यातला वजनाने सर्वांत मोठा वाटा ओल्या कचऱ्याचा असतो, आणि घरात पूर्णपणे संपवता येतो तोही हाच. त्यामुळे या भागावर थोडे अधिक थांबतो.

वीस लिटरची झाकणाची बादली घ्यावी. तिच्या बाजूंना आणि तळाला गरम खिळ्याने बोटभर अंतरावर भोके पाडावीत आणि ती दोन विटांवर ठेवावी, म्हणजे खालून हवा खेळते. पाणी ठिबकलेच तर ते झेलायला खाली एक ताटली ठेवावी. तळाला नारळाच्या शेंड्यांचा चार बोटे जाड थर द्यावा, त्यावर हाताने चुरलेल्या वाळक्या पानांचा तेवढाच थर द्यावा आणि त्यावर तयार खताची एक ओंजळ पसरावी. ही ओंजळ म्हणजे विरजण समजावे. दुधाला विरजण लावताना आपण जशी दह्याची कवडी घालतो, तसेच जुन्या खतातले जिवाणू नव्या कचऱ्याला लागतात. खत मिळाले नाही तर वाटीभर आंबट ताक पाण्यात कालवून शिंपडावे. काम होते, फक्त सुरुवातीचे काही दिवस जास्त लागतात.

मग रोज जेवढा ओला कचरा पडेल तेवढ्याच मापाचा वाळका पाला त्यावर घालावा. एक डबा साली आणि देठे, तर एक डबा पाला, एवढे माप पुरते. भाजीच्या देठांत आणि उरलेल्या अन्नात नत्र अधिक असते, वाळक्या पानांत आणि नारळाच्या भुशात कर्ब अधिक असतो, आणि जिवाणूंना नत्राच्या सुमारे ३० पट कर्ब मिळाला की ते नीट काम करतात. पाला कमी पडला की बादली नासते. माझी पहिली बादली अशीच नासली. जून महिना होता, आंब्याच्या साली आणि कोयी रोज पडत होत्या, पाला पावसात भिजला होता म्हणून मी तो घातला नाही, आणि आठव्या दिवशी झाकण उघडले तेव्हा शेजारच्या काकूंनी खिडकी लावून घेतली. त्या दिवसापासून मी उन्हाळ्यातच पाल्याच्या दोन गोणी भरून कोरड्या जागी ठेवतो, आणि प्रत्येक नव्या माणसाला बादलीच्याही आधी पाला जमवायला सांगतो.

ओलावा बरोबर आहे की नाही हे मुठीने कळते. बादलीच्या मधला मूठभर माल घेऊन घट्ट दाबावा. बोटांच्या फटीत एखाद-दुसरा थेंब दिसला तर ओलावा ठीक आहे. धार लागली तर पाला किंवा नारळाचा भुसा घालून ढवळावे. मूठ उघडल्यावर माल भुरभुर सुटला तर पाणी शिंपडावे. तीन-चार दिवसांनी एकदा काठीने तळापासून हलवावे, कारण हवा मिळाली नाही की वेगळेच जिवाणू माजतात आणि नासका वास त्यांचाच असतो. नाकात झोंबणारा, नवसागरासारखा वास आला तर नत्र जास्त झाले आहे असे समजून पाला वाढवावा.

पावसाळ्यात बादलीत पिवळट-तपकिरी, जाडसर अळ्या दिसतात, आणि याच टप्प्यावर निम्मी घरे हा उद्योग सोडून देतात. त्या बहुधा ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या अळ्या असतात. त्या चावत नाहीत आणि कचरा झपाट्याने खातात. माशी मोठी झाल्यावर आपल्या जेवणावर येऊन बसण्याच्या भानगडीत पडत नाही, कारण तिचे खाण्याचे दिवस अळीच्या रूपातच उरकलेले असतात. किळस वाटत असेल तर कोरड्या पाल्याचा जाड थर वर पसरावा. अळ्या खाली जातात.

काय घालू नये याचीही थोडी माहिती हवी. तेलाचा तवंग असलेली भाजी, लोणच्याचा खार आणि दुधाचे पदार्थ बेताने घालावेत. मटणाची हाडे आणि माशांचे काटे घरच्या बादलीत न टाकता ओल्या कचऱ्याच्या गाडीत द्यावेत, नाहीतर मांजरे रात्री झाकण राहू देत नाहीत. शिळ्या भाताचे गोळे फोडून टाकावेत. तसेच टाकले तर आत बुरशीची ढेकळे बनतात. चहाचा चोथा एकदा पाण्याखाली धरावा, आपल्या चहात दूध-साखर असते आणि मुंग्यांना त्याचा पत्ता लगेच लागतो. अंड्याची टरफले चुरून घालावीत. करवंट्या, आंब्याच्या कोयी आणि मक्याची कणसे कुजायला फार वेळ लागतो, म्हणून त्या वेगळ्या काढाव्यात; करवंट्या गाडीत आणि बाकीचे सोसायटीच्या हौदात किंवा गाडीत द्यावे.

बादली भरली की झाकून बाजूला ठेवावी आणि दुसरी सुरू करावी. पहिलीतला माल ४५ ते ६० दिवसांत काळा, भुसभुशीत होतो आणि त्याला पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो. तो सावलीत पसरून चाळावा. चाळणीत उरलेला जाडाभरडा भाग पुढच्या बादलीचे विरजण म्हणून वापरावा आणि खाली पडलेले खत कुंड्यांना द्यावे.

सोसायटीत हेच काम विटांच्या हौदात करता येते. तेथे ढीग मोठा असल्यामुळे आत ५५ ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत उष्णता चढते, त्यात तणाचे बी आणि रोगजंतू बरेचसे मरतात, आणि करवंट्यांखेरीज जवळपास सगळे जिरते. ‘२४ तासांत खत’ असे सांगणारी यंत्रे घेण्याआधी मात्र नीट चौकशी करावी. आमच्या सोसायटीने असे एक यंत्र घेतले होते. त्यातून निघणारी तपकिरी पूड म्हणजे दळून वाळवलेला कचरा होता. कुंडीत घालून पाणी दिल्यावर ती पुन्हा कुजू लागली, तापली, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या गुलाबांची मुळे जळली. विजेचे बिल वेगळे आले. अशा पुडीला पुढे काही आठवडे ढिगात मुरावे लागतेच, मग हौदानेच काय वाईट केले, असा प्रश्न सभेत विचारावा.

घरात किंवा सोसायटीत ओला कचरा जिरवणाऱ्या मिळकतींना पुणे महापालिका मालमत्ताकरात सवलत देते. पावसाचे पाणी मुरवणे आणि सौरऊर्जा यांपैकी आणखी एखादा प्रकल्प जोडीला असेल तर ती १० टक्क्यांपर्यंत जाते. प्रकल्प चालू असल्याची खात्री करून घेतली जाते, त्यामुळे केवळ दाखवण्यापुरता हौद बांधून उपयोग नाही.

सुका कचरा : कोरडा आणि विसळलेला

सुक्या कचऱ्याला एकच अट आहे, ती म्हणजे तो खरोखर सुका असला पाहिजे. दह्याचा डबा, सॉसची बाटली, हॉटेलातून भाजी आलेला प्लॅस्टिकचा डबा हे सगळे भांडी घासून झाल्यावर उरलेल्या पाण्यात एकदा विसळून पालथे घालावेत. साबण लावून चकचकीत करायची आवश्यकता नाही. फक्त वास येऊ नये आणि मुंग्या लागू नयेत.

दुधाच्या पिशवीचे उदाहरण रोजचे आहे. आपण कात्रीने कोपरा कापतो, तो नखाएवढा तुकडा ओट्यावरून थेट मोरीत किंवा केरात जातो आणि कोणाच्याही हाताला लागत नाही. पिशवी चांगल्या, पुन्हा वितळवता येणाऱ्या प्लॅस्टिकची असते आणि भंगारात तिला भाव मिळतो. वाया जातो तो हा कोपरा. म्हणून कापताना कात्री शेवटपर्यंत न नेता कोपरा लटकत ठेवावा, पिशवीत थोडे पाणी घालून खळबळावे, ते पाणी कुंडीत टाकावे आणि पिशवी नळावर चिमट्याने अडकवावी. आठवड्याच्या पिशव्या एकात एक घालून दिल्या तर घेणाऱ्यालाही मोजायला सोपे जाते.

पाण्याच्या आणि सरबताच्या बाटल्या चेपून, झाकण परत लावून द्याव्यात. झाकण वेगळ्या प्लॅस्टिकचे असते म्हणून काही जण ते काढून टाकतात, पण बाटलीचा चुरा पाण्यात टाकल्यावर बाटलीचे प्लॅस्टिक बुडते आणि झाकणाचे तरंगते, त्यामुळे कारखान्यात त्यांची ताटातूट सहज होते. सुटे झाकण मात्र वाटेतच हरवते. बाटलीच्या तळाशी त्रिकोणात छापलेला आकडा पाहून घ्यावा : १, २, ४ आणि ५ या आकड्यांच्या मालाला बहुतेक भंगारवाल्यांकडे मागणी असते. ३ म्हणजे पीव्हीसी आणि ६ म्हणजे थर्मोकोलच्या जातीचे प्लॅस्टिक. त्यांना घेणारे कमी. ७ या आकड्यात उरलेले सगळे येते.

वेफर्स, बिस्किटे आणि शाम्पूच्या चकाकत्या पुड्या अनेक पातळ थर एकमेकांना चिकटवून केलेल्या असतात. ते थर वेगळे होत नाहीत, म्हणून या पुड्यांना भंगारात किंमत नसते. गोळा झाल्याच तर सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जातात. तरीही त्या सुक्यातच द्याव्यात, फक्त झटकून, आतला तिखट-मिठाचा चुरा काढून. दूध आणि रस यांचे पुठ्ठ्याचे खोके मात्र वेगळे आहेत : त्यांत सुमारे तीन-चतुर्थांश चांगला कागद असतो, आणि विसळून, कडा उघडून, सपाट करून दिले तर त्यांचा पुनर्वापर होतो.

कागदाबद्दल आपल्याकडे सांगण्यासारखे फार काही नाही, कारण रद्दी विकण्याचे शिक्षण प्रत्येक मराठी घरात लहानपणीच होते. दोन अपवाद ध्यानात ठेवावेत. दुकानातून मिळणारी गुळगुळीत बिले उष्णतेने छापली जातात आणि त्यांवर रसायनांचा थर असतो, म्हणून ती रद्दीत घालू नयेत. तेल प्यायलेला पिझ्झाचा पुठ्ठाही रद्दीत चालत नाही. स्वच्छ असलेले झाकण फाडून रद्दीत घालावे आणि तेलकट तळ बारीक तुकडे करून खताच्या बादलीत टाकावा.

काच देताना बाटल्या अखंड द्याव्यात. अखंड बाटली धुऊन पुन्हा भरली जाते, फुटलेली वितळवावी लागते, त्यामुळे भावात मोठा फरक पडतो. घरात ग्लास किंवा आरसा फुटला तर तुकडे जाड वर्तमानपत्राच्या तीन-चार घड्यांत गुंडाळून, खोक्यात घालून, चिकटपट्टी लावून त्यावर मोठ्या अक्षरांत ‘काच’ असे लिहावे आणि ते खोके देताना तोंडानेही सांगावे. आमच्याकडे कचरा नेणाऱ्या मावशींच्या उजव्या तळव्यावर अंगठ्यापासून मनगटापर्यंत एक पांढरी रेघ आहे. एका दिवाळीच्या साफसफाईतली, कोणाच्या तरी पिशवीतली ती काच होती. पिशवीवर काही लिहिलेले नव्हते. टाके पडले आणि तीन आठवडे त्यांची कमाई बुडाली.

कपड्यांना बोहारणीची वाट आपल्याकडे पूर्वापार आहे, आणि अजूनही ज्या भागांत त्या येतात तेथे तिच्याहून चांगली सोय नाही. चांगले कपडे तिला द्यावेत किंवा देऊन टाकावेत; फाटक्या सुती कपड्यांची पायपुसणी, फडकी, गोधड्या कराव्यात. नुसत्या चिंध्या ‘गरिबांना’ म्हणून बांधून देऊ नयेत. त्या कोणीच वापरत नाही आणि निवडणाऱ्याला दुप्पट काम पडते.

तळणीच्या तेलाची गोष्ट दिवाळीच्या फराळानंतर हटकून निघते. ते मोरीत ओतले की नळात थिजते आणि पुढे सांडपाण्याची वाट अडवते. गार झालेले तेल गाळून बाटलीत साठवावे. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने २०१८ मध्ये वापरलेल्या खाद्यतेलापासून बायोडिझेल बनवण्याचा उपक्रम सुरू केला असून असे तेल गोळा करणाऱ्या संस्था शहरात आहेत. थोडेच असेल तर कढई कागदाने पुसून तो कागद पाल्याबरोबर खतात टाकावा.

लाल खूण

सॅनिटरी पॅड, डायपर, रक्त लागलेला कापूस, जखमेच्या पट्ट्या यांसाठी रीत सोपी आहे. वस्तू आतल्या बाजूने घडी करावी, वर्तमानपत्रात नीट गुंडाळावी, वर लाल पेनाने ठसठशीत गोल काढावा आणि ती पुडी वेगळी हातात द्यावी. लाल खूण दिसली की पुडी उघडायची नाही, एवढा निरोप निवडणाऱ्याला मिळतो. डायपरमधली विष्ठा आधी संडासात टाकावी. ही पुडी पुन्हा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नये आणि संडासात तर कधीही टाकू नये; इमारतीचे नळ तुंबण्याच्या तक्रारींत प्लंबरच्या हाताला बहुतेक वेळा हेच लागते. कित्येक घरांत या विषयावर कुजबुजीपलीकडे बोलले जात नाही, म्हणून मी लाल पेन दोरीने न्हाणीघराच्या खिळ्याला बांधून ठेवण्याचा सल्ला देतो. पेन दिसला की बोलावे लागत नाही.

उंच फळीवरचे खोके

घातक कचरा थोडा असतो, पण चुकला तर त्याची किंमत मोठी पडते. त्यात सर्वांत आधी येतात सुया. मधुमेहासाठी घरी इन्सुलिन घेणाऱ्यांनी वापरलेली सुई टोपण घालण्याच्या खटाटोपात न पडता थेट जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत टाकावी. कपड्यांच्या द्रव साबणाची रिकामी बाटली यासाठी उत्तम. ती तीन-चतुर्थांश भरली की झाकण घट्ट लावून चिकटपट्टी गुंडाळावी, ‘सुया’ असे लिहावे आणि आपल्या नेहमीच्या दवाखान्यात किंवा रुग्णालयात विचारून तेथे द्यावी, कारण त्यांच्याकडे जैववैद्यकीय कचरा नेणारी गाडी येतेच.

मुदत संपलेली औषधे बेसिनमध्ये ओतू नयेत. गोळ्या पाकिटातून काढून चहाच्या ओल्या चोथ्यात कालवाव्यात, बाटलीत बंद कराव्यात आणि ती बाटली घातक कचऱ्यात द्यावी. पाकिटे कात्रीने कापून टाकावीत, म्हणजे ती कोणी पुन्हा विकू शकणार नाही.

सीएफएल आणि जुन्या नळीदार दिव्यांत थोडा पारा असतो, जुन्या काचेच्या तापमापकात त्याहून पुष्कळ अधिक. हे फुटले तर केरसुणीला हात लावू नये. आधी मुलांना बाहेर काढावे, खिडक्या उघडाव्यात, पंखा बंद करावा आणि १० ते १५ मिनिटे खोली तशीच सोडावी. नंतर हातमोजे घालून जाड पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांनी काच आणि पाऱ्याचे गोळे अलगद एकत्र आणून काचेच्या बरणीत भरावेत, उरलेले बारीक कण चिकटपट्टीने टिपून ती पट्टीही बरणीत टाकावी आणि झाकण लावावे. केरसुणीने पारा आणखी बारीक होऊन पसरतो, आणि व्हॅक्यूम क्लीनरने तर तो हवेत उडतो. बरणी आणि न फुटलेले दिवे दोन्ही घातक कचऱ्यातच जातात. एलईडी दिव्यांत पारा नसतो, ते ई-कचऱ्यात द्यावेत.

बॅटऱ्यांची गफलत अलीकडे वाढली आहे. मोबाईलची, पॉवर बँकेची किंवा खेळण्यातली लिथियम बॅटरी कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली की पेट घेऊ शकते. तिच्या टोकांना चिकटपट्टी लावून ती वेगळी ठेवावी. फुगलेली असेल तर टोचू नये, चार्ज करू नये, गार जागी वाळूच्या डब्यात ठेवून लवकरात लवकर संकलन केंद्रात द्यावी. इन्व्हर्टरची आणि गाडीची शिशाची बॅटरी नवी घेताना दुकानदार जुनी परत घेतो आणि तिचे पैसे वजा करतो, तेव्हा ती भंगारात देण्याचे कारणच उरत नाही.

ई-कचऱ्याबाबत एक पथ्य पाळावे. जुनी वायर, चार्जर, टीव्ही हे रस्त्यावरच्या भंगारवाल्याला चार पैशांसाठी देऊ नयेत. तांबे मिळवण्यासाठी वायरींवरचे प्लॅस्टिक उघड्यावर जाळले जाते आणि त्या धुरात डायऑक्सिनसारखी विषे असतात. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच तो पोहोचायला हवा. महापालिकेची संकलन केंद्रे आणि संस्थांच्या मोहिमा त्यासाठी आहेत. फोन देण्याआधी त्यातले सिम आणि कार्ड काढून घ्यावे आणि माहिती पुसावी. धुराचाच विषय निघाला आहे म्हणून सांगतो, थंडीत पहाटे आपले सुरक्षारक्षक शेकोटीत पाल्याबरोबर पिशव्या आणि पुड्याही घालतात. त्यांना रागावण्यापेक्षा सोसायटीने एक हीटर किंवा जाड घोंगडी द्यावी.

गणपती, निर्माल्य आणि लग्नकार्य

निर्माल्य हा ओलाच कचरा आहे, पण त्यातला दोरा, जरीची पट्टी, प्लॅस्टिकची फुले आणि अगरबत्तीची पुडी काढल्यावर. हे काढणे घरीच करावे; निर्माल्य कलशापाशी गर्दीत कोणाला ते जमत नाही.

शाडूची मूर्ती बादलीतल्या पाण्यात काही तासांत विरघळते आणि खाली बसलेली माती वाळवून पुढच्या वर्षी वापरता येते. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तीसाठी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अमोनियम बायकार्बोनेटची रीत दिली, आणि महापालिका उत्सवाच्या दिवसांत ती पावडर मोफत देत आली आहे. मूर्तीवरची आभूषणे काढून घ्यावीत, मूर्ती पूर्ण बुडेल एवढ्या बादलीत पाणी घ्यावे, मूर्तीच्या वजनाइतकी पावडर त्यात विरघळवावी आणि मग मूर्ती ठेवावी. दर दोन-तीन तासांनी काठीने ढवळावे. छोटी मूर्ती साधारण ४८ तासांत विरघळते. वर राहिलेल्या पाण्यात अमोनियम सल्फेट म्हणजे खत तयार झालेले असते, ते भरपूर पाणी मिसळून झाडांना द्यावे. तळाशी बसतो तो कॅल्शियम कार्बोनेटचा गाळ. हे काम गच्चीवर किंवा मोकळ्या अंगणातच करावे, बंद न्हाणीघरात अमोनियाच्या वासाने डोळे झोंबतात.

मुंज, बारसे किंवा लग्न परवाना नसलेल्या जागेत करायचे असेल आणि १०० हून अधिक माणसे येणार असतील तर घनकचरा नियमांनुसार स्थानिक संस्थेला किमान तीन कामकाजाचे दिवस आधी कळवावे लागते. हे कळवताना केळीच्या पानांची किंवा पत्रावळीची पंगत असल्याचेही सांगावे आणि उष्ट्यासाठी वेगळे पिंप ठेवावे. पत्रावळ घेताना तिच्या पाठीला प्लॅस्टिकचा पापुद्रा नाही ना, हे नखाने खरवडून पाहावे.

राडारोडा

बाथरूमच्या फरशा बदलल्या की निघणारा राडारोडा घंटागाडी घेत नाही, आणि रात्री तो नदीकाठी किंवा मोकळ्या भूखंडावर टाकणारे टेम्पोवाले सहज भेटतात. ठेकेदाराशी बोलणी करतानाच राडारोडा कोठे नेणार हे विचारावे, क्षेत्रीय कार्यालयाकडून महापालिकेची अधिकृत जागा जाणून घ्यावी, आणि तेथे पोहोचल्याची पावती मिळेपर्यंत शेवटचा हप्ता हातात ठेवावा. तुटके कमोड, फुटकी बेसिने आणि टोकदार फरशा गोणीत भरताना तोंड सुतळीने शिवून घ्यावे, कारण जिन्यातून गोणी पाठीवर घेऊन उतरणाऱ्या माणसाच्या मानेला त्यांच्या कडा सर्वांत आधी लागतात.